विरूपित गिटारनाद व ‘मॅगट ब्रेन’

विद्युत् गिटारच्या तारेपासून निघालेल्या संकेताचा मूळ आकार विवर्धकात (संकेताची शक्ती वाढविणाऱ्या साधनात) टिकला नाही, म्हणजे जो खरखरीत व दाट नाद उत्पन्न होतो, त्यास विरूपित नाद म्हणतात. त्याच्या एका ठळक प्रकारास ‘फझ’ ही संज्ञा रूढ आहे. लोकरीच्या पिंजलेल्या तंतूंना इंग्रजीत हा शब्द लावतात. भारतीय संगीतातील ‘विकृत स्वर’ या संज्ञेशी याचा संबंध नाही. कोमल व तीव्र स्वरांत स्वराचे स्थान बदललेले असते; येथे स्थान तेच राहते आणि नादाचा पोत बदलतो. प्रारंभी यंत्रदोष समजला गेलेला हा नाद सुमारे वीस वर्षांत शोकाच्या अभिव्यक्तीचे साधन कसा बनला, हे ‘मॅगट ब्रेन’ (१९७१) या अमेरिकन गिटाररचनेच्या ध्वनिमुद्रणावरून चांगले लक्षात येते.

विवर्धकाच्या क्षमतेला मर्यादा असते. त्या मर्यादेपलीकडे संकेत वाढविला, तर लहरींचे माथे व तळ कापले जातात आणि मूळची गोलाकार लहर चौकोनी होऊ लागते. त्यामुळे मूळ कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येच्या) पटीतील उपस्वर नव्याने मिसळतात व नाद भरीव, काहीसा कर्कश होतो. वादकाच्या दृष्टीने दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. छेडलेल्या तारेचा नाद क्षणोक्षणी क्षीण होत जातो. परंतु माथे कापलेच जात असल्याने तार मंदावली तरी ऐकू येणारी पातळी बराच वेळ जवळजवळ तशीच राहते. तंतुवाद्यवादक जिला ‘आस’ म्हणतात, ती अशा रीतीने लांबते. छेडण्याचे वाद्य गजाने वाजविण्याच्या वाद्याप्रमाणे, क्वचित कंठाप्रमाणेही, गाऊ लागते आणि तार ओढून घेतलेली मींड अखेरपर्यंत ऐकू येते. अनेक स्वर एकदम छेडले, तर मात्र त्यांचे उपस्वर परस्परांत गुंतून गोंगाट होतो. त्यामुळे एकेका स्वराच्या संथ वादनाला फझ विशेष मानवते.

या नादाची आरंभीची बरीच उदाहरणे अपघाताची आहेत. १९५१ मध्ये मेंफिस येथे ‘रॉकेट ८८’ हे गीत ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा गिटारवादक विली किझार्ट यांचा विवर्धक प्रवासात नादुरुस्त झाला होता. सॅम फिलिप्स यांनी त्याच्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागविले आणि त्यातून निघालेला घोगरा आवाज तसाच ठेवला. १९५८ मधील ‘रंबल’ या रचनेसाठी लिंक रे (१९२९–२००५) यांनी स्पीकरच्या कागदी शंकूला पेन्सिलीने मुद्दाम भोके पाडली. तरुणांच्या टोळ्यांमधील मारामारीस उत्तेजन मिळेल या भीतीने काही आकाशवाणी केंद्रांनी ही रचना वर्ज्य केली. तीत एकही शब्द नाही. केवळ नादाच्या पोतावरून एखाद्या रचनेवर असा आक्षेप घेतला जावा, ही गोष्ट त्या पोताच्या सामर्थ्याबद्दल पुष्कळ सांगते. इंग्लंडमध्ये १९६४ साली डेव्ह डेव्हीस यांनी स्पीकरचा शंकू वस्तऱ्याच्या पात्याने चिरला, तोही याच हेतूने.

दोषाचे उपकरणात रूपांतर नॅशव्हिल येथे झाले. गायक मार्टी रॉबिन्झ (१९२५–८२) यांचे ‘डोंट वरी’ हे गीत १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन सहा तारांची बास गिटार वाजवीत असता मिक्सरचा एक मार्ग बिघडला आणि वादनाचा एक तुकडा घरघरत उमटला. तो काढून न टाकता तसाच राहू देण्यात आला. पुढे इतर कलावंतही त्या आवाजाची मागणी करू लागले; पण बिघडलेला भाग एव्हाना पुरता निकामी झाला होता. तेव्हा ध्वनिमुद्रण अभियंता ग्लेन स्नॉडी (१९२२–२०१८) यांनी रेव्हिस हॉब्झ यांच्या साहाय्याने ट्रँझिस्टरांचे मंडल तयार करून तोच बिघाड हुकमी मिळविला. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विक्रीस आणले. गंमत अशी की, कंपनीने त्याची जाहिरात इतर वाद्यांची, विशेषतः पितळी सुषिर वाद्यांची, नक्कल करणारे साधन म्हणून केली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात कीथ रिचर्ड्स यांनी ते वापरले, तेव्हा त्यांच्याही मनात ती जागा पुढे पितळी वाद्यांनी भरून काढावयाची होती. मुद्रिका तशीच प्रसिद्ध झाली, गाजली आणि फझला खरी मागणी आली. जिमी हेंड्रिक्स (१९४२–७०) यांनी १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात अमेरिकेचे राष्ट्रगीत विरूपित नादात वाजविले. त्यानंतर हा नाद दुसऱ्या कशाची तरी नक्कल आहे, असे म्हणण्यास फारशी जागा उरली नाही.

हेंड्रिक्स यांचा प्रभाव घेऊन पुढे आलेल्या कृष्णवर्णीय वादकांत एडी हेझल (१९५०–९२) हे प्रमुख होत. ब्रुकलिनमध्ये जन्मलेले हेझल न्यू जर्सीमधील प्लेनफील्ड येथे वाढले व तेथेच जॉर्ज क्लिंटन (१९४१– ) यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. हा वृंद ‘फंकाडेलिक’ या नावाने प्रसिद्धीस आला. डिट्रॉइट येथील युनायटेड साउंड स्टुडिओत त्याच्या तिसऱ्या संग्रहाचे ध्वनिमुद्रण झाले आणि १९७१ च्या जुलैमध्ये वेस्टबाउंड कंपनीने तो प्रसिद्ध केला. संग्रहाचे शीर्षक असलेली ‘मॅगट ब्रेन’ (शब्दशः ‘अळ्या पडलेला मेंदू’) ही पहिलीच रचना दहा मिनिटांहून अधिक लांबीची आहे. आरंभी क्लिंटन यांचे छोटेसे गद्य निवेदन आहे; नंतर सर्व काही गिटारवर सोपविलेले आहे.

या ध्वनिमुद्रणाविषयी एक हकीकत नेहमी सांगितली जाते. आपली आई वारल्याचे नुकतेच कळले आहे, अशा भावनेने वाजवावे, असे क्लिंटन यांनी हेझल यांना सुचविले आणि हेझल यांनी ते वादन सलग, एका दमात केले. हकीकतीचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. तथापि वादनाचा घाट तिच्याशी जुळतो. पार्श्वभूमीला दुसऱ्या गिटारवर सुट्या स्वरांची एक संथ आकृती फिरत राहते. तिच्यावर हेझल यांची गिटार प्रथम एकेक स्वर लांबवीत येते, मग फझची धार वाढते आणि ‘वा-वा’ या पेडलमुळे नाद तोंड उघडावे-मिटावे तसा पालटतो. द्रुत लयीचे तुकडे मध्ये येतात, पण ते कौशल्याच्या प्रदर्शनासारखे वाटत नाहीत. हुंदका अनावर व्हावा तसे ते येतात आणि पुन्हा दीर्घ स्वरात विरतात. कोणत्याही वाद्यसंगीताला असे शब्दार्थ चिकटविणे धोक्याचे असते. येथे मात्र कंठसदृश आस आणि मींड यांच्यामुळे विलापाची कल्पना श्रोत्याच्या मनात आपोआप उभी राहते.

तरीही सारे श्रेय हेझल यांच्या एका दमाच्या वादनाला देणे अपुरे ठरेल. त्या वेळी वृंदातील इतर वादकही वाजवीत होते. वादन ऐकल्यावर क्लिंटन यांनी मिश्रण करताना त्यांचे मार्ग जवळजवळ मिटवून टाकले. लक्षपूर्वक ऐकल्यास तालवाद्यांची पुसट चाहूल तेवढी लागते. प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या ‘एकोप्लेक्स’ या फितीच्या यंत्रातून त्यांनी गिटारचा नाद पुन्हापुन्हा फिरविला, त्यामुळे प्रत्येक स्वरामागे त्याची सावली येते. सोबतीची वाद्ये नाहीशी झाल्याने जे एकाकीपण जाणवते ते वादकाच्या बोटांनी नव्हे, मिक्सरच्या खटक्यांनी निर्माण केले आहे. अर्थात बोटांत काही नसते, तर त्या मोकळ्या जागेत ऐकण्यासारखे काहीच उरले नसते.

हेझल पुढे अमली पदार्थांचे व्यसन व तुरुंगवास यांमुळे वृंदापासून दुरावत गेले. त्यांच्या जागी आलेल्या मायकेल हॅम्प्टन यांनी किशोरवयात हीच रचना वाजवून दाखवून वृंदात प्रवेश मिळविला. त्यांनी प्रेक्षकांसमोर केलेले तिचे वादन १९७८ च्या ‘वन नेशन अंडर अ ग्रूव्ह’ या संग्रहासोबत प्रसिद्ध झाले. २३ डिसेंबर १९९२ रोजी हेझल यांचे निधन झाले आणि त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी ‘मॅगट ब्रेन’ वाजविण्यात आली. २००५ मध्ये संग्रहाची नवी आवृत्ती निघाली, तीत या रचनेचे आधी अप्रकाशित असलेले दुसरे मिश्रणही आहे. तेथे इतर वादक अधिक स्पष्ट ऐकू येतात. गिटार तीच आहे. परंतु तिच्याभोवती माणसे आहेत आणि ऐकताना मन तितके कातर होत नाही.