जुळी कोकरं आणि गाभण मेंढीचा खुराक

जुळं देणारी मेंढी घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. आधी तिचा इतिहास बघू.

आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. तिच्या भटकंतीला तेच सोसायचं. मृगानंतर नव्या गवतावर मेंढ्या भरायच्या आणि पाच महिन्यांनी, दिवाळीच्या पुढंमागं, व्यायच्या. शेवटचा दीड महिना यायचा तेव्हा बाजरी निघालेली असायची. रानात गळलेली कणसं, धाटं, भुईमुगाचा पाला असायचा. शेतकरी खतासाठी रानात वाडा बसवून घ्यायचा, धनगराला धान्य द्यायचा. खुराक कुणी वेगळा मोजत नव्हतं, पण गाभण मेंढीच्या पोटात तो जात होता.

जुळ्याचा गुण आला बंगालच्या सुंदरबनातून. तिथली गारोळ मेंढी अंगानं लहान, पण दोन-तीन कोकरं देणारी. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालच्या मेंढ्या कलकत्त्याहून जहाजानं ऑस्ट्रेलियात गेल्या. तिथल्या बुरुला मेरिनो मेंढ्यांत जुळ्या-तिळ्यांचा गुण त्यांच्यापासूनच उतरला असं मानतात. त्यामागचं जनुक 2001 साली नक्की सापडलं. बनबिहारी निंबकर यांनी 1968 साली फलटणला सुरू केलेल्या संस्थेनं गारोळ आणून दख्खनीशी संकर केला. त्यातून पुढं नारी सुवर्णा तयार झाली.

जनुक आलं, पण त्याच्यासोबत चारा आला नाही. उलट त्याच काळात माळ मोडले, कालव्याखाली ऊस झाला. पोटात दोन कोकरं आणि चरायला बांध, अशी गत झाली.

कोकराच्या वजनातली निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. त्याच वेळी कोकरं पोटात जागा अडवतात, म्हणून मेंढीला चारा कमी मावतो. मग ती अंगातली चरबी जाळते. जुळं असलेली मेंढी अशा वेळी खाणं सोडते, कळपातून बाजूला उभी राहते, आंधळ्यागत चालते आणि शेवटी बसते. बसलेली मेंढी वाचणं अवघड, म्हणून पहिल्या खुणेलाच डॉक्टरला बोलवा.

दीड महिना आधी गाभण मेंढ्या वेगळ्या काढा. चरून आल्यावर मक्याचा भरडा आणि पेंड मिळून रोज पाव किलोच्या आसपास द्या. जुळ्याचा अंदाज असेल तर थोडं वाढवा. सुरुवात मूठभरापासून करा, एकदम धान्य दिलं तर पोट बिघडतं. सोबत लसूणघास किंवा सुबाभूळ, आणि पाणी कायम समोर. पोसलेल्या मेंढीला चीक भरपूर येतो, आणि दोन्ही कोकरं पहिल्या तासात उठून पितात.

पूर्वी हा खुराक रान द्यायचं. आता तो आपल्या खिशातून द्यायचा आहे. दीड महिन्याचा तो खर्च झेपत असेल तरच जुळं देणारी मेंढी घ्या. नाहीतर एकाच कोकराची दख्खनी बरी, ते कोकरू तरी जगतं.