अटळ मात: एका शोधाची कुळकथा

मोबाइलवरचा बुद्धिबळाचा प्रोग्राम चाली सुचवता सुचवता मध्येच ‘चार चालींत मात’ असं लिहून मोकळा होतो. त्याला नेटसुद्धा लागत नाही. औंढा तालुक्यात, पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाशेजारी बसलात आणि रेंज गेली, तरी तो हे सांगणारच. या विधानात एक अट दडलेली असते: समोरच्याने काहीही केलं तरी. हल्ला करणाऱ्याला दर वळणावर एकच चांगली चाल सापडली की भागतं. पण बचाव करणाऱ्याच्या झाडून सगळ्या चालींना उत्तर तयार हवं. एक जरी वाट उघडी राहिली तरी दावा कोसळला.

अशा माता आधी माणसांनी हौसेने शोधल्या. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातले, काशीत राहिलेले नीलकंठ भट्ट सतराव्या शतकात राजनीतीवर ‘नीतिमयूख’ लिहितात आणि त्यात बुद्धिबळालाही जागा देतात. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत, १८१४ साली, तिरुवेंगडाचार्य शास्त्रींनी आपल्या संस्कृत ‘विलासमणिमंजरी’चं इंग्रजी रूप मुंबईत छापलं. त्यात भर आहे तो पटावरच्या अवघड स्थितींवर आणि त्यांच्या उकलीवर. आपल्याकडच्या जुन्या खेळात नुसती मात करून समाधान नसे. प्याद्याने मात केली तर तिचा रुबाब वेगळा. म्हणजे नुसतं जिंकायचं नव्हे, ठरवून दिलेल्या रीतीने जिंकायचं. कोडं जन्माला येतं ते अशा हट्टातून.

संगणकाने ही विद्या पहिल्यांदा गिरवली ती इंग्लंडात. नोव्हेंबर १९५१मध्ये मँचेस्टरच्या फेरांटी मार्क १ संगणकावर डीट्रिख प्रिन्झ यांनी दोन चालींत मात शोधणारा प्रोग्राम चालवला. पद्धत सरळ होती. आपली प्रत्येक चाल घ्या, तिच्यावर समोरच्याचं प्रत्येक उत्तर, त्यावर पुन्हा आपली प्रत्येक चाल. दर वेळी तीस पर्याय धरले तर सत्तावीस हजार शक्यता होतात. एका कोड्याला यंत्राने पंधरा मिनिटं घेतली, तीही किल्लेकोट आणि प्याद्याची बढती यांसारखे नियम वगळून. हिशेब चोख, पण हमाली. आणखी एक चाल वाढवा, की तो आकडा नऊशे पटींनी फुगतो.

मग माणूस आठ-आठ चालींची मात डोक्यात कशी बघतो? हा प्रश्न अमेरिकेत हर्बर्ट सायमन यांना पडला. अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना पुढे १९७८ साली मिळालं. १९६२मध्ये त्यांनी आणि पीटर सायमन यांनी दाखवून दिलं की उत्तम खेळाडू मुळात फार थोड्या शक्यता तपासतो. १९६६मध्ये जॉर्ज बेलर आणि सायमन यांनी ‘मेटर’ नावाचा प्रोग्राम मांडला. त्याचं सूत्र असं: आधी शह देणाऱ्या चाली बघा, आणि त्यांतही जिच्यानंतर समोरच्याकडे सर्वांत कमी उत्तरं उरतात ती आधी.

माझ्या मते या कुळातला खरा मूळपुरुष हाच. मेटरचं हे सूत्र पटावर करून बघा. काळा राजा कोपऱ्यात एच ८ वर, त्याची प्यादी जी ७ आणि एच ७ वर, हत्ती डी ८ वर. पांढऱ्याचा वजीर सी ४ आणि घोडा जी ५ वर. पांढरा राजा जी १ वर सुरक्षित. घोडा एफ ७ वर जाऊन शह देतो. राजाला जी ८ हे एकच घर. घोडा एच ६ वर उडी मारतो, तसा घोड्याचा आणि मागून वजिराचा असा दुहेरी शह लागतो. आता उत्तरं दोन. राजा एफ ८ ला गेला तर वजीर एफ ७ वर मात करतो. म्हणून तो कोपऱ्यात परततो. मग वजीर थेट जी ८ वर! राजा त्याला मारू शकत नाही, घोड्याचा पहारा आहे. हत्तीलाच मारावं लागतं आणि घोडा एफ ७ वर परतून आपल्याच माणसांत कोंडलेल्या राजाला मात देतो. ही मात लुसेनाच्या १४९७च्या स्पॅनिश पुस्तकात आहे. प्रत्येक चालीवर उत्तरं मोजली तर एक, दोन, एक. वजीर बळी देणं ही नवशिक्याला अचाट वाटणारी चाल. उत्तरं मोजणाऱ्याला मात्र ती सर्वांत स्वस्त.

पण हे सूत्र फसतंही. कोडी रचणाऱ्या माणसांना पहिलीच चाल शह असलेली मुळी आवडत नाही. ते तिला आडदांडपणाचं लक्षण मानतात. १८४५ साली दिल्लीहून ‘शागिर्द’ या नावाने एक कोडं लंडनच्या नियतकालिकात गेलं. ते रेव्हरंड लव्हडे यांचं होतं, आणि आजही ‘इंडियन प्रॉब्लेम’ म्हणून ओळखलं जातं. त्यात उंटाला मागे नेऊन त्याच्याच वाटेत आपला हत्ती उभा करायचा, राजाला हलायला घर मिळू द्यायचं, मग हत्ती बाजूला सरकवताच मात. नुसते शह बघणाऱ्याला हे दिसणारच नाही. प्रिन्झची हमाली इथे कामाला आली असती.

या दोन्ही वाटा व्हिक्टर अ‍ॅलिस यांनी १९९४च्या प्रबंधात एकत्र आणल्या. दर स्थितीला एक आकडा: मात सिद्ध करायला अजून कमीत कमी किती उघड्या वाटांची टोकं मिटवायची आहेत? आपली चाल असेल तर पर्यायांतला सर्वांत लहान आकडा घ्यायचा, समोरच्याची असेल तर सगळ्यांची बेरीज करायची. जिथे आकडा लहान, तिथे शोध आधी खोल जातो. शह असलाच पाहिजे असा हट्ट नाही, पण जिथे शत्रूची उत्तरं संपत आली आहेत तिकडे यंत्र आपोआप ओढलं जातं. वजीर गेला की राहिला, याची इथे दखलच नाही.

तिसरी शाखा उलटी चालते: मातेपासून सुरुवात करून मागे मागे. कमी मोहऱ्यांच्या सगळ्या स्थितींचे तक्ते असे तयार होतात. राजे धरून सात मोहऱ्यांच्या एका स्थितीत ५४९ चालींनंतर मात होते, आणि त्यातल्या बहुतेक चाली का खेळल्या हे माणसाला उमगत नाही. स्पर्धेत मात्र पन्नास चालींत ना मोहरा मारला गेला, ना प्यादं हललं, तर बरोबरी मागता येते. ५४९च्या या मोजणीत तो नियम हिशेबातच धरलेला नाही.