माणसं किती?

आषाढ लागलाय. सणसर सोडून, बेलवाडीचं रिंगण करून तुकोबांची पालखी अंथुर्ण्यात मुक्कामाला आली आहे. तुम्ही दिंडीच्या ट्रकला पाठ टेकून बसला आहात, पाय ठणकताहेत. समोर दिंडीचा हिशेब बघणारे अण्णा वही उघडून बसलेत. भिशी कुणाची आली, कुणाची राहिली. तांदूळ किती उरला, राहुट्यांचे खांब किती, टँकरवाल्याला काय दिलं. सगळं लिहून झालं की ते मान वर करतात आणि रोजचाच प्रश्न विचारतात, "माणसं किती?"

एक माणूस कमी भरतं. "लोणंदच्या मावशी कुठं गेल्या? सकाळी चहाला होत्या की." दोघं जण कॅनॉलकडे धावतात. मावशी तिथं पाय धूत बसलेल्या सापडतात. अण्णा त्यांच्या नावापुढे टिंब देतात, तेव्हाच ताटं वाढली जातात.

चालतं गाव सांभाळायचं कसब हेच. तरंगत्या गावात, म्हणजे बोटीवर, ते ज्याच्याकडे असतं, त्याला पर्सर म्हणतात.

अण्णांची वही तुमच्या हातात येते आणि तिचं वजन एकदम वाढतं. आता ती कातडी बांधणीची जाड चोपडी आहे. तारीख 5 एप्रिल 1919, शनिवार. मुंबई बंदर. पायाखाली एस. एस. लॉयल्टी, दोन धुराड्यांची, साडेचारशे फुटांहून लांब. 1891 साली इंग्लंडात बांधलेली ही बोट मुळात 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. महायुद्धात ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती घेऊन हॉस्पिटल बोट केली आणि नाव बदललं. ती विकायला निघाल्याचं सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या कानावर आलं ते रेल्वेच्या प्रवासात. बोट घेऊन कंपनी काढली, तिला नाव दिलं तेही शिंद्यांचंच, सिंदिया. कंपनी नोंदवून जेमतेम नऊ दिवस झालेत आणि भारतीय मालकीची ही बोट लंडनला निघाली आहे. अंथुर्ण्याहून जंक्शन गावावरून जिथं जाता, त्या वालचंदनगरचा अजून मागमूस नाही. तिथला साखर कारखाना तीसच्या दशकातला.

आजच्यापुरती पर्सरची खुर्ची तुमची आहे. वर ब्रिजवर कप्तान समुद्राकडे बघतो, खाली इंजिनवाले आगीकडे. माणसांकडे बघायचं ते तुम्ही.

खिडकीपाशी रांग लागली आहे. पहिल्या वर्गाच्या साहेबाला धक्क्याकडची केबिन नको आहे. एका बाईंना दागिन्यांची पेटी तिजोरीत ठेवायची आहे. पेटी उघडून, एकेक नग मोजून, त्यांच्यासमोर लाखेची मोहोर लावून पावती द्या, कारण लंडनला पोचल्यावर एक बांगडी कमी निघाली तर जाब तुम्हालाच. एक विद्यार्थी नोटा पुढे करून पौंड मागतो. सरकारी दर रुपयाला दीड शिलिंग, म्हणजे एका पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै. आणे-पै एका रकान्यात, शिलिंग-पेन्स दुसऱ्यात. पुढच्याच महिन्यात हा दर बदलणार आहे, आणि परतीच्या फेरीत हाच हिशेब नव्याने मांडावा लागेल.

मग बटलर येतो, शाकाहारी ताटं किती ते विचारायला. सारंग येतो, खलाशांची हजेरी घेऊन. कस्टमचा माणूस कागद मागतो, बंदराचा डॉक्टर आजाऱ्यांची यादी. गेल्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाने मुंबईत घरंच्या घरं रिकामी केली आहेत, तेव्हा एखादा प्रवासी खोकला तरी तुमचं लक्ष जातं. युद्धापासून पासपोर्टाशिवाय पाऊल टाकता येत नाही, म्हणून प्रत्येक नावाशी कागद ताडून बघायचा. या प्रवाशांत खुद्द वालचंदशेठ आणि नरोत्तम मोरारजी आहेत. मालक असले तरी त्यांचीही चोपडीत एकेकच ओळ.

शहरात उद्याच्या हरताळाची चर्चा आहे. रौलट कायद्याविरुद्ध गांधींनी 6 एप्रिलचा दिवस नेमला आहे. तोवर तुम्ही किनाऱ्यापासून दूर गेलेले असाल. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांनी जो समुद्र आपलाच मानला होता, त्यावर आज तुमची ही चोपडी निघाली आहे. माझ्या मते तेही बंडच होतं, फक्त हिशेबाच्या भाषेत केलेलं. अधिकाऱ्यांच्या खुर्च्यांवर मात्र अजून गोरेच. भारतीय मुलांना तयार करणारं 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज 1927 साली सुरू झालं.

भोंगा होण्याआधी कप्तानाचा निरोप येतो, माणसं किती? तुम्ही वर्गवार बेरीज करता, खलाशी धरता, पुन्हा करता. सात वर्षांपूर्वी टायटॅनिक बुडाली तेव्हा जीवनरक्षक होड्यांत सगळ्यांना पुरेल एवढी जागाच नव्हती. आता होडीतली प्रत्येक जागा तुमच्या आकड्यावर ठरते. तुम्ही आकडा लिहून सही करता. दोर सुटतात.

पान उलटतं. 17 जुलै 1947, गटारी अमावस्येचा सुमार. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेल्या 'रामदास' बोटीवर तुम्ही उभे आहात. पाऊस, वारा, दाटीवाटी. तिकीट न काढता चढलेलेही आहेत. एक मोठी लाट येते, भेदरलेली माणसं एका बाजूला धावतात आणि बोट कलंडते. सहाशेवर जीव गेले. नेमके किती, ते आजही वेगवेगळ्या नोंदींत वेगवेगळं सापडतं. मेलेल्या माणसाची शेवटची ओळखही मोजणीतून निसटावी, याहून मोठा अन्याय मला सुचत नाही.

तुम्ही परत अंथुर्ण्यात आहात. अण्णा वही पिशवीत ठेवताहेत. इथून समुद्र लांब आहे, पण उजनी धरणाचं पाणी आपल्याच तालुक्यात आहे. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळात उलटली. सात जणांतला एक पोहून काठाला लागला, सहा गेले. कुणाच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं.

पलीकडे जायला होडीच सोयीची, हे खरं आहे आणि ती बंद व्हावी असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी काठावर उभे राहाल तेव्हा आधी जॅकेट मागा. मग आपलं नाव कुठंतरी लिहून घ्यायला लावा, आणि होडी सुटण्याआधी मोठ्याने विचारा, माणसं किती?