ओके बटण कुठे गेलं?

मंडळी, मध्यंतरी माझ्याच एका प्रोग्रॅमची मराठी आवृत्ती उघडली, तर बटणावर 'पुढे'च्या जागी 'पढे'! उकार खाली कापला गेला होता. चूक माझीच. पण ती बरीच जुनी आहे बुवा.

१९८४ च्या मॅकिंटॉशवर डॉक्युमेंटची खिडकी कोपऱ्याला धरून लहानमोठी करता यायची. डायलॉगला मात्र तो कोपरा नसे. प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं, बंद व्हायचं. त्याचा आकार कशाला बदलायचा? प्रत्येक बटणाची जागा आधीच आकड्यांत लिहिलेली.

विंडोजने एक हुशारी केली. डायलॉगचं माप पिक्सेलऐवजी फॉन्टवर ठेवलं: आडवं एकक अक्षराच्या सरासरी रुंदीचा पाव भाग, उभं एकक उंचीचा आठवा भाग. फॉन्ट वाढला की डायलॉगही वाढणार. पण भाषांतरात शब्दच लांबला, तर? ते या मापाला कळत नाही.

शिवाय आकार बदलताना विंडोज प्रोग्रॅमला विचारतं, कमीत कमी किती? (डब्ल्यूएम_गेटमिनमॅक्सइन्फो, हुश्श!) तिथे मी वर्षानुवर्षं डोळे मिटून ३२० बाय २४० लिहीत आलो.

खरा बदल 'टीके'सारख्या टूलकिट्सनी रुजवला. जॉन औस्टरहाउट यांनी १९९१ मध्ये त्यावर पेपर मांडला. इथे खिडकी आधी आतल्या प्रत्येक बटणाला विचारते, "तुला किती जागा लागेल?" आणि उत्तरांवरून स्वतःचा आकार ठरवते. १९९६ च्या जावात तर 'किमान' आणि 'पसंतीचा' असे दोन वेगळे प्रश्न आले.

तेवढ्याने भागलं का? नाही. २००७ मध्ये आसुसचा ईई पीसी आला, पडदा जेमतेम ८०० बाय ४८०. उंच डायलॉगचं ओके बटण पडद्याच्या खाली! किमान आकार पडद्यापेक्षाच मोठा. म्हणून मजकूर स्क्रोल होऊ द्यावा, बटणं त्याच्या बाहेर, कायम दिसतील अशी ठेवावीत.

थोडक्यात, किमान आकार हा आपण ठरवायचा आकडा नव्हे, आतल्या मजकुराला आणि समोरच्या पडद्याला विचारायचा प्रश्न आहे. मी तो माझ्या इंग्रजी फॉन्टला आणि माझ्या मोठ्या मॉनिटरला विचारला होता. मराठी वाचणाऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं.

असो. ३२० बाय २४० काढून टाकलंय. 'पुढे'ला उकार परत मिळाला.