भाकरीतले ‘नेट कार्ब’ आणि दोनदा वजा होणारा चोथा

पिंगळीत काय किंवा परभणीच्या आसपासच्या कुठल्याही गावात काय, ‘शुगर’ निघाली की पहिला सल्ला ठरलेला असतो: पोळी बंद, ज्वारीची भाकरी सुरू. आता त्यात मोबाइलवरून ‘नेट कार्ब’ आले आहे. एकूण कर्बोदकांतून तंतुमय भाग, म्हणजे चोथा, वजा करायचा आणि उरेल तेवढेच मोजायचे. हा हिशेब आला कुठून ते पाहा, म्हणजे तो कुठे चुकतो तेही कळेल.

इन्सुलिन येण्याआधी मधुमेहींना जवळजवळ उपाशी ठेवत. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते. आपण जगत नाही असे समजून ते इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले होते. १९२३ मध्ये इन्सुलिन मिळाले आणि वाचले. पुढे रुग्णांचा आहार ठरवताना त्यांना एक अडचण आली. तेव्हाच्या तक्त्यांत कर्बोदके ‘उरलेली’ म्हणून लिहीत: शंभरातून पाणी, प्रथिने, स्निग्धांश आणि राख वजा केली की बाकी सगळी कर्बोदके. त्यात चोथाही आला, जो पचून साखर होत नाही. मग पालेभाज्याही विनाकारण तोलून-मापून खाव्या लागत. लॉरेन्स आणि मॅकन्स यांनी पदार्थ प्रयोगशाळेत तपासून १९२९ मध्ये अहवाल काढला आणि कर्बोदकांचे दोन भाग केले: शरीराला मिळणारी आणि न मिळणारी. ‘नेट कार्ब’चे मूळ हेच. नाव मात्र पुष्कळ नंतरचे, २००० नंतर अमेरिकेतल्या ॲटकिन्स आहाराने गाजवलेले.

आपल्याकडे १९३७ मध्ये कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून एक्रॉइड यांनी भारतीय अन्नाचे तक्ते काढले. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली. (मराठवाडा त्याच्या दोनच वर्षे आधी हैदराबाद राज्यातून बाहेर पडला होता!) तिथूनच १९७१ चे गोपालन यांचे पुस्तक आले. त्यात १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदके ७२.६ आणि तंतू फक्त १.६ ग्रॅम. ज्वारीत चोथा इतका कमी नसतो. जुन्या रासायनिक पद्धतीत बराचसा हाती लागत नसे, एवढेच. २०१७ च्या नव्या तक्त्यात तोच आकडा १०.२ ग्रॅम आहे आणि कर्बोदके ६७.७.

आता नीट लक्ष द्या. हे ६७.७ चोथा वजा करूनच लिहिलेले आहेत. पाणी, प्रथिने, स्निग्धांश, राख, चोथा आणि कर्बोदके यांची बेरीज केली तर बरोबर १०० भरते. त्यातून पुन्हा १०.२ काढले की चोथा दोनदा वजा झाला. युरोपातल्या पाकिटावरही चोथा आधीच वेगळा काढलेला असतो. अमेरिकेतल्या पाकिटावर तो एकूण कर्बोदकांत धरलेला असतो.

पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत खरे नेट कार्ब ३४ ग्रॅम, चुकीच्या हिशेबाने २९. तीन भाकरींना १५ ग्रॅमचा फरक, म्हणजे अनेकांना एक-दीड युनिट इन्सुलिन लागेल एवढा. हरभऱ्याच्या डाळीत चूक आणखी मोठी: १०० ग्रॅमला ४६.७ ऐवजी ३१.६.

त्याच तक्त्यात गव्हाच्या आट्याला ६४.२ आहेत, ज्वारीपेक्षा थोडे कमीच. ज्वारी वाईट आहे असे मी म्हणत नाही, खुशाल खा. पण भाकरी म्हणजे ‘कार्ब नाही’ हे खरे नाही. दिवसाला २० ग्रॅमची मर्यादा घातलेल्या आहारात ती एकही बसत नाही.

असा आहार सुरू करायचा असेल आणि तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. डोस तोच ठेवून भाकरी सोडली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप यांपैकी काही सुरू झाले तर ग्लुकोमीटरवरचा आकडा बरा दिसतोय म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.