नजर टोकावर

साल २००८. काल पोळा झाला, आज तान्हा पोळा. तू पाच वर्षांचा आहेस. सुताराकडून करून घेतलेला लाकडी बैल घेऊन विदर्भातल्या झरी गावच्या रस्त्यावर उभा आहेस. बैलाला खाली चार चाकं, पाठीवर बेगड लावलेली झूल, शिंगांना फुगे. रात्रीच्या पावसानं चिखल झालाय. दोर हिसकलास की बैल उलथतो, सैल सोडलास की चाक रुततं. दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत किती ओढायचं ते मनगटाला कळलेलं असतं. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये नागपुरात पोरांसाठी हा सण सुरू केला, असं मानतात. जगात काही घरांत या वयाच्या मुलाला शर्यतीच्या छोट्या गाडीत, कार्टमध्ये बसवतात. विदर्भातल्या पोराची चाकांशी ओळख अशी होते, आणि ती ओळख खरी असते.

आता जानेवारी २०१४ मध्ये ये. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. गावाबाहेरच्या मोकळ्या वावरात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरलाय. पैनगंगेच्या दोन्ही काठांवरून जोड्या आल्यात. मराठी, तेलुगू, कोलामी, सगळं एकाच वेळी कानावर पडतंय. तुझा मामा धुरकरी, जोडी हाकणारा. सरावाच्या धावेला तो तुला छकड्यावर आपल्यापुढे घेतो. बसायला फळी नाही. पाय रोवायचे, गुडघे वाकवायचे, दाती धूळ घ्यायची. डावा बैल आधी सुटतो आणि छकडा उजवीकडे ओढला जातो. तू घाबरून डाव्याच्या वशिंडाकडे पाहतोस. मामा कानाशी ओरडतो, "बैलाकडे नको पाहू बे, टोकाकडे पाह्य!" तू मान वर करतोस, टोकावरचा झेंडा दिसतो, आणि तुझं अंग आपोआप डावीकडे झुकतं. छकडा सरळ होतो. काही सेकंदांत सगळं संपतं. या काही सेकंदांसाठी मामानं वर्षभर जोडीला सरकी-ढेप खाऊ घातलीय.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येतो. जल्लिकट्टू बंद, बैलगाडा शर्यती बंद, शंकरपटही बंद. मामाला राग येतो. तुला मात्र एक गोष्ट आठवते: पटावर तुतारीची आर टोचलेली जोडी तू पाहिली होतीस, पुठ्ठ्यावर रक्त होतं. न्यायालय ज्याबद्दल बोलत होतं ते खोटं नव्हतं, हे पटावर जीव असलेल्या माणसानंही कबूल केलं पाहिजे. पण अकरा वर्षांच्या पोराकडून शर्यत काढून घेतली, तर तिच्या जागी काय द्यायचं, हा प्रश्न कुणाच्याच कागदावर नव्हता.

जरा लांब उडी मार. १९९०, इटलीतलं तावुल्या गाव. तुझ्याच वयाचा, अकरा वर्षांचा व्हॅलेंटिनो कार्ट चालवतोय. वडील ग्राझियानो स्वतः मोटरसायकल ग्रां प्रीमध्ये उतरलेले. पण दोन चाकांपेक्षा चार बरी, असं आईला वाटतं. कार्टला स्प्रिंग नसतात, डिफरन्शियल नसतो, मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट. वळणात आतलं मागचं चाक जरासं उचललं तरच कार्ट नीट वळतं, नाहीतर सरळ घसरत जातं. वजन कुठे टाकायचं हे पोराला रोज कळत जातं. त्या वर्षी तो प्रादेशिक विजेतेपद मिळवतो. वरच्या पायरीचा खर्च घराला जड होतो, म्हणून पोरगा छोट्या मोटरसायकलकडे, मिनिमोटोकडे वळतो. पुढे व्हॅलेंटिनो रॉसीनं नऊ विश्वविजेतेपदं जिंकली. पैशांची ओढाताण त्याच्याही घरी होती. फरक एवढाच की कार्ट सुटलं तेव्हा त्याच्या हाताशी दुसरा ट्रॅक होता.

तुझ्या हाताशी काय आहे? कोल्हापुरात मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे. त्याच शहरातला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. पण कोल्हापूर म्हणजे झरीहून राज्याचं दुसरं टोक. तुझ्या हाताशी आहे मुकुटबन-वणीचा रस्ता आणि चुलतभावाची मोटरसायकल. २०२१ मध्ये तू अठराचा होतोस, लायसन काढतोस. उजवीकडे वळायचं तर हँडलची उजवी बाजू जरा पुढे दाबायची, हे तुला कुणी शिकवत नाही. हाताला आपसूक सापडतं. सापडलेलं तपासून पाहायला मात्र जागा नाही. वळणापलीकडून कोळशाचा किंवा सिमेंटचा ट्रक येत असतो. रस्त्यावर चूक केली तर ती सुधारायला दुसरी फेरी मिळत नाही. यंत्राचं वेड लागलेल्या पोरांना आपण 'सावकाश चालव' सांगून मोकळे होतो. वेगासाठी वेगळी जागा करून द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला न्यायालय अटी घालून बैलांच्या शर्यतींना परवानगी देतं. धुरकऱ्यानं काठी-चाबूक वापरायचा नाही. मामा पुन्हा जोडी शोधू लागतो. तुझ्या हातांना आता कासरा परका वाटतो.

२०२२ मध्ये भारतात मिनीजीपी सुरू होते. दहा ते चौदा वर्षांची मुलं, ओव्हाले कंपनीच्या १६० सीसीच्या बुटक्या मोटरसायकली, आणि शर्यत कुठे? कार्टिंगच्याच ट्रॅकवर. कार्ट आणि मोटरसायकल या दोन वाटा तिथे एकाच डांबरावर येतात. तू एकोणीसचा आहेस.

ऑगस्ट २०२३. चेन्नईच्या ट्रॅकवर बंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा शर्यतीत पडून दगावतो. त्या रात्री आई तुझं हेल्मेट लपवून ठेवते. कुणालाही तिचा राग येऊ नये. ट्रॅक असला म्हणजे मरण टळतं असं नाही. कोणत्या वयाच्या मुलाला कोणत्या ताकदीचं इंजिन द्यायचं, हे ठरवणाऱ्या मोठ्यांवर त्याचा भार आहे. पुढच्याच महिन्यात, २४ सप्टेंबरला, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी होते. जिंकतो मार्को बेझेक्की. संघ रॉसीचा, तालीमही रॉसीनं तावुल्यात उभ्या केलेल्या अकादमीतली. तू मोबाइलवर पाहतोस, रेंज जाते, परत येते.

आणि आता २०२४. बल्लारशाहून चेन्नईची गाडी धरून तू आला आहेस. चेन्नईजवळचा हा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० मध्ये सुरू झाला. तुझ्या जन्माआधीपासून तो इथे आहे. आज प्रशिक्षणाचा पहिला दिवस. अंगावर भाड्याचा लेदर सूट, कोपराला सैल. पहिल्याच वळणात तू पुढच्या चाकाकडे पाहतोस आणि गाडी बाहेर जाते. प्रशिक्षक हिंदीत ओरडतो, "पहिया मत देख, आगे देख!" हे वाक्य तू वऱ्हाडीत आधीच ऐकलेलं आहेस. दुसऱ्या फेरीला नजर वळणाच्या पलीकडे जाते आणि गाडी आत राहते. तेवढ्यात उजवीकडून एक मुलगा तुला मागे टाकून जातो. सोळाचा असेल, दहाव्या वर्षापासून कार्ट ट्रॅकवर आहे, असं सकाळी चहा पिताना सांगत होता. तो ब्रेक तुझ्यापेक्षा कितीतरी उशिरा लावतो. तू त्याच्या मागे पुढच्या वळणात शिरतोस आणि तो कुठून आत घुसतो, ते नीट पाहून घेतोस.