उपवासाची भगर

बीडकडे एकादशी, नवरात्र, महाशिवरात्र म्हटली की भगर आलीच. पूर्वी ती घरी निवडली-पाखडली जाई; पीठ लागेल तेवढंच जात्यावर निघे. सोवळ्याच्या त्या शिस्तीत मला अन्नाची राखणही दिसते. जातं गेलं, तयार सुटं पीठ आलं. निवडणं सुटलं; ‘उपवासाचं म्हणजे शुद्धच’ हा विश्वास मात्र तसाच राहिला. दमट हवेत भगरीवर ॲस्परजिलस बुरशी वाढते. बुरशीचं विष शिजवूनही पुरतं जात नाही. मराठवाड्यात सणावारी भगरीच्या विषबाधेचे रुग्ण दवाखान्यात येतात, त्यांचं दुखणं पुष्कळदा इथलंच. १९५४चा भेसळ प्रतिबंधक कायदा, पुढे २००६चा अन्न सुरक्षा कायदा, दोन्ही विक्रेत्याला बांधणारे. घरातल्या डब्याची राखण घरानेच करायची.